चढावर गेलेलं पाणी

एक

तीन नंबरची बाटली खोटी आहे, हे नूतन पटले टोलीवर पोहोचायच्या आधीच सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

बाटल्या तीनच होत्या, भेलवाटोली या तीस घरांच्या गोंड वस्तीतून आठवड्यापूर्वी आणलेल्या. पहिलीत हातपंपाचं पाणी होतं, ते स्वच्छ निघालं. दुसरीत बोडीचं, म्हणजे टोलीखालच्या लहानशा तळ्याचं. त्यात शिसं निघालं, चालेल त्याच्या दुप्पट. बोडीजवळच शहराच्या कचऱ्याचा डेपो, त्यामुळे याचं कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिसरीचं. तिच्यातलं पाणी टेकडीवरच्या पेनठान्यातलं होतं. पेनठाना म्हणजे टोलीच्या देवाची जागा, आणि तिथे कातळातल्या झिऱ्याची एक दगडी कुंडी. टेकडी डेपोच्या वर चांगली दोनशे फूट उंच, आणि शिसं मात्र त्या कुंडीत बोडीच्या चौपट!

पाणी चढावर जात नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. डेपोच्या ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार ठोकली. टोलीवाल्यांनी बाटलीत भेसळ केली, नमुना नेताना बरोबर टोलीचा भुमका सुकराम मडावी होता, सबब त्याच्यावर खोट्या पुराव्याचा गुन्हा नोंदवावा. सोमवारी सुनावणी होती. लबाडी सिद्ध झाली की देवाची पूजा करणारा सत्तरीचा म्हातारा पोलीस ठाण्यात, डेपो हटवायचा टोलीचा अर्ज निकालात, आणि डेपो बोडीच्या काठापर्यंत वाढायला मोकळा.

पडताळणीला नूतनलाच पाठवण्यात तिच्या प्रयोगशाळेच्या साहेबांची सोय होती. टोलीने तीन वर्षांपूर्वी पहिला अर्ज केला, तेव्हाची पाहणी तिचीच. डेपो तेव्हा दोन वर्षांचा झाला होता. ‘बाधित क्षेत्रात पाण्याचा पारंपरिक वापर आढळला नाही, सबब धोका नाही’ हे वाक्यही तिचंच. जी बाई तेव्हा धोका नाही म्हणाली, ती आता आहे कशाला म्हणेल?

निघण्याआधी तिने तीन नंबरच्या बाटलीतलं उरलेलं पाणी उजेडात धरलं. पाणी नितळ होतं, तळाशी बोटभर गाळ. तो तिने पांढऱ्या बशीत पसरला आणि भिंग लावून बसली. गाळात तांदळाच्या कण्या निघाल्या, देवापुढे वाहतात तशा. आणि त्यांच्या शेजारी मोहरीएवढा एक शंख, तळ्यातल्या घोंग्याच्या पिल्लाचा. कातळातल्या झिऱ्यात घोंगा जगत नाही, त्याला साचलेलं पाणी आणि चिखल लागतो.

तांदूळ म्हणत होता, मी वरचा. शंख म्हणत होता, मी खालचा. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, किंवा दोघांनाही खरं बोलायला लावेल असं काही तिला अजून सुचत नव्हतं.

दोन

“बाटली कोणी भरली होती?”

“मीच, मॅडम. फॉर्मवर सही आहे ना माझी.”

प्रफुल बिसेन गाडी चालवत होता. सहा वर्षं तो तिचा मदतनीस होता, नमुने आणायचं काम त्याचं. आजवर तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, निदान तिला कळेल असं तरी.

“तीनदा विसळली होती?”

“हो ना. नियमच आहे.”

“आणि तळ न ढवळता भरली? मग तांदूळ कसे आले आत?”

प्रफुलने हॉर्न वाजवला. सडक अर्जुनीच्या ढाब्यांसमोर ट्रकांची रांग लागली होती आणि हॉर्न वाजवून ती हलणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. मे महिन्याचं ऊन काचेतून सरळ मांडीवर येत होतं.

“कुंडीत पाणी केवढं खोल होतं रे?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“असेल ना… हातभर.”

नूतनने वहीत लिहिलं, हातभर. ठेकेदार भुपेंद्र कटरे हा प्रफुलच्या मावसबहिणीचा नवरा, हे तिला माहीत होतं. आजवर तिने त्याचा विचार केला नव्हता, कारण या जिल्ह्यात पोवारांच्या घरी नातं शोधायला बसलं की कोणीच परका उरत नाही. ती स्वतःही त्यातलीच.

पण आता विचार करावा लागत होता. प्रफुल फारच घाईघाईने ‘मीच’ म्हणाला होता.

तीन

डेपोच्या फाटकावर भुपेंद्र स्वतः उभा होता. पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट. मागे कचऱ्याचा डोंगर धुमसत होता, आणि त्याच्या पायथ्याशी फोडलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या खोक्यांचा ढीग पडला होता.

“देखो मॅडम, साफ बात करतो,” तो म्हणाला. “बॅटऱ्या भंगारवाले फोडतात, आम्ही नाही. बोडीत थोडंबहुत गेलं असेल, त्याचं आम्ही पाळ बांधून देऊ. लेकिन ऊपर? ऊपर माझा एक आदमी जात नाही. बूट घालून गेलं तर ते लोक मारायला धावतात. मग ऊपरच्या पाण्यात जहर कोण टाकेल? ज्याला फायदा आहे तोच ना?”

“तुम्हालाही फायदाच झाला आहे की,” नूतन म्हणाली. “एक बाटली खोटी ठरली की दुसरी आपोआप खोटी ठरते.”

भुपेंद्र हसला, पण उशिरा. “सील तुमच्या माणसानं लावलं, मॅडम. लॅबमध्ये तुम्हीच तोडलं. मी काय हवेतून आत टाकलं?”

ते खरं होतं. सील तिनेच तोडलं होतं आणि ते धडधाकट होतं. तिने डेपोतून बोडीकडे वाहणाऱ्या नालीचं पाणी एका काचेच्या बाटलीत घेतलं. ते चहासारखं काळं होतं आणि नाकाजवळ धरवत नव्हतं. बोडीपर्यंत जाईस्तोवर त्याचा रंग मरत होता, गुण नव्हता मरत. तीन नंबरच्या बाटलीत कोणी हे मिसळलं असतं, तर ते पाणी नितळ दिसलंच नसतं.

“तीन साल पहले तुम्हीच लिहून दिलं होतं ना,” भुपेंद्र मागून मवाळ आवाजात म्हणाला, “कोणी वापरत नाही म्हणून? मी तर तुमचाच कागद दाखवून राहिलो सगळ्यांना.”

नूतनने बाटलीचं झाकण लावलं. ते दोनदा वाकडं बसलं.

चार

तीन वर्षांपूर्वी ती आली होती तेव्हा चैत होता. टोलीत देवाचा सण चालला होता. डोक्यावर घागरी घेतलेल्या बायकांची रांग टेकडी चढत होती, पदर भिजलेले, पाठी भिजलेल्या, पोरंटोरं पुढे पळत होती. नूतनने मोहाच्या झाडाखाली खुर्चीवर बसून वीस मिनिटांत फॉर्म भरला. बोडीचं पाणी पिता का? नाही, हातपंपाचं पितो. मासे धरता का? सध्या नाही. त्या पंधरवड्यात देवाच्या मानासाठी कोणी बोडीत जाळं टाकत नाही, हे तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिने ‘सध्या’ गाळलं आणि ‘नाही’ लिहिलं. वर येता का बघायला, असं कोणीतरी म्हणालं होतं. चपला काढून काटेरी चढ चढायचा तिला कंटाळा आला होता.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती. ते मोहाचं झाड अजून तिथेच होतं, आणि नूतन त्याच्याकडे न बघता पुढे गेली.

सुकरामच्या घरी त्याची सून दुर्पता तांदूळ निवडत बसली होती. तिची सहा वर्षांची संध्या भिंतीला टेकून होती. पोरगी पांढरी पडली होती, आणि डोळे उघडे असून कशाकडे बघत नव्हती.

“हे पोट्टी तवा तुमच्या मागं मागं धावत होती,” दुर्पता म्हणाली. “आता पाहा. पोटात कळ येते. खात नाही. अंगनवाडीत गाणे म्हणत होती, सगळे विसरली.”

“दुर्पताबाई, मला विचारावंच लागेल. ग्रामसभेत तुम्ही म्हणालात…”

“म्हटलं मी. लबाडी करून डेपो हटत असन तं लबाडी करन, असं सगळ्याइसमोर म्हटलं.” तिने सूप खाली ठेवलं. “पन केली नाही. मले लबाडी जमत असती तं तीन साल आधीच केली असती. तुमी खुर्चीवर बसून लिवत होत्या तवाच.”

 नूतनची नजर कोपऱ्यात गेली. शिंक्यात मातीची एक घागर टांगलेली होती, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेली. तळाला ना काजळी, ना रोजच्या वापराचा ओलावा.

“ही कशाची?”

“ते चैताची. बाकी साल तिले हात नाही लावत आमी.”

“कशाला लागते चैतात?”

दुर्पता बोलणार होती, पण दारात सुकराम येऊन उभा राहिला आणि ती गप्प झाली. म्हाताऱ्याच्या हातात पळसाच्या पानांचा दोना होता. त्याने नूतनला राम राम केला, आपल्यावर गुन्हा नोंदवायचा कागद तयार होत असल्यासारखा नव्हे, पाहुणीला करतात तसा. मग तो नातीजवळ उकिडवा बसला आणि दोना तिच्या ओठांकडे नेला.

“हे कुठलं पाणी?” नूतनने विचारलं.

“पेनाचं जी. रोज सकारी अन् दिवस बुडता देतो. याच्यानंच बरी होईन.”

नूतनच्या डोळ्यांपुढे तपासणीचा कागद आला. बाटली खोटी असेल तर हा म्हातारा लबाड. बाटली खरी असेल तर दोन्यात होतं ते विष. तिने पुढे होऊन दोन्यावर हात आडवा धरला. पाणी तिच्या मनगटावरून सांडलं.

“आज देऊ नका, बाबा.”

सुकरामने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. “काऊन? तुमीच तं सगळे म्हणता, बाटली खोटी आहे.”

नूतनने हात काढला नाही.

“मी काही मिसरवलं नाही जी. देवाच्या जागी कोनी मिसरवते का? मंग पानी चांगलंच असन.” तो उठला. “दिवस बुडेपर्यंत थांबतो. तवर सांगा का बिघडलं आहे. नाही सांगता आलं तं मी पाजतोच.”

पाच

टोलीतून टेकडीकडे जायला वाटच नव्हती. नूतन आणि प्रफुल घरांच्या मागून सरळ चढायला निघाले, तर बोरी-बाभळींनी दोघांचे कपडे धरून ठेवले. तीस घरं ज्या देवाला जातात, त्याच्याकडे जाणारी पायवाट घरांपासून निघू नये? नूतन थांबली, खाली उतरली आणि टेकडीच्या पायथ्याने चालू लागली.

वाट सापडली ती बोडीच्या काठाशी. चांगली बैलगाडीएवढी रुंद, पावलांनी गुळगुळीत झालेली. ती पाण्यापासून निघत होती आणि कुठेही न वळता थेट टेकडीवर चढत होती.

“मॅडम, चला ना,” प्रफुल म्हणाला. “ऊन वाढून राहिलं.”

पण नूतन जागची हलली नाही. तिला त्या बायका दिसत होत्या. घागरी घेऊन चढणाऱ्या, पाठी भिजलेल्या. पाणी आणायला निघालेल्या बाईची पाठ येताना भिजते, जाताना कोरडी असते. गोंदियाजवळच्या गोरेगावला लहानपणी आईबरोबर विहिरीवर जाणाऱ्या तिच्यासारख्या पोरीला एवढं कळायला हवं होतं. त्या चढत होत्या आणि भिजलेल्या होत्या. म्हणजे घागरी भरलेल्या होत्या. तिने हे तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बघूनही पाहिलं नव्हतं.

वर पोहोचल्यावर दोघांनी पायताणं काढली. साजाच्या झाडाखाली शेंदूर नसलेले साधे दगड, आणि कातळात कोरल्यासारखी कुंडी. एका फटीतून पाणी थेंब थेंब झिरपत होतं, उन्हाळ्यात तेवढंच. कुंडीतून बाहेर जायला वाट नव्हती. काठावर वाळून पांढऱ्या झालेल्या रेघा, एकीखाली एक. नूतनने बोट बुडवलं. पाणी चार बोटं होतं.

“हातभर?” ती म्हणाली.

प्रफुलने मान खाली घातली. “मी खालच्या तेंदूपाशी थांबलो होतो, मॅडम. बूट काढा म्हणाले. म्हटलं, कोण काढते. सुकरामबाबानं दोन्यानं भरून आणून दिली. मी सील लावलं अन् सही केली.” त्याचे कान लाल झाले होते. “ठेकेदारानं मला काही सांगितलं नव्हतं, आईची शपथ. नुसता आळस केला मी. तक्रार झाल्यावर सांगायची लाज वाटली.”

नूतन त्याला खूप काही बोलू शकली असती. शब्द तोंडात आलेही होते. पण चपला काढायचा कंटाळा करून खुर्चीवर बसून राहिलेल्या बाईने बूट न काढणाऱ्याला काय बोलायचं?

“खाली जा,” ती म्हणाली, “आणि सुकरामबाबांना घेऊन ये. दुर्पताबाईंना सांग, ती शिंक्यातली घागर आणा म्हणावं.”

सहा

प्रफुलबरोबर आले ते तिघं. सुकराम, घागर घेतलेली दुर्पता, आणि त्यांच्या मागोमाग भुपेंद्र. आपला विजय बघायला म्हणून त्याने चक्क बूट हातात घेतले होते.

“बाटली खरी आहे,” नूतनने पहिलंच वाक्य टाकलं. “हिच्यात कोणी काही घातलं नाही. प्रफुलने भरली नाही, पण बिघडवलीही नाही. भुपेंद्रजींच्या नालीतलं पाणी वरून घातलं असतं, तर ते काळं दिसलं असतं. बोडीतलं पाणी आणून इथलं म्हणून दिलं असतं, तर शिसं बोडीइतकंच निघालं असतं, चौपट नव्हे. आणि तांदळाच्या कण्या सांगतात की पाणी याच कुंडीचं.”

“तो फिर पानी चढलं का ऊपर?” भुपेंद्रने विचारलं.

“चढलं. डोक्यावर बसून.” तिने दुर्पताच्या हातातल्या घागरीकडे पाहिलं. “बाबा, चैतात या घागरी इथे रिकाम्या येत नाहीत ना?”

 सुकराम बोलला तो आपल्या सुनेकडे बघून, जणू बाहेरच्याला सांगायला तिची परवानगी हवी होती.

“देवाकडं रिकामं भांडं घेऊन येत नाही आमी. हर घरची एक घागर, बोडीतून भरून. बोडी त्याचीच आहे. त्याचं पानी त्याले नेऊन देतो, कुंडीत ओततो. मंग कुंडीतलं दोनाभर घेऊन जातो, लेकराइले पयले. सालभर कोन्या लेकराले ताप आला, का हेच पाजतो.” तो थांबला. “बाहेरच्याले सांगत नाही. सांगितलं का हसतात.”

“दर वर्षी तीस घागरी,” नूतन म्हणाली. “डेपोला पाच वर्षं झाली. कुंडीतून पाणी बाहेर जात नाही, उन्हानं वर उडून जातं. या पांढऱ्या रेघा त्याच्याच. शिसं उडत नाही, ते मागे राहतं. पुढच्या चैतात त्यावर आणखी तीस घागरी. असा तो घोंग्याचा शंख वर आला, आणि असं बोडीपेक्षा इथलं पाणी जास्त वाईट झालं.”

“देखा!” भुपेंद्रने टाळी वाजवल्यासारखा हात केला. “म्हणजे हे लोक खुदच्याच हातानं जहर चढवून राहिले. माझा डेपो तर सुटला.”

“बोडीत ते कुठून आलं, भुपेंद्रजी?” नूतनचा आवाज चढला. “यांच्या देवानं बॅटऱ्या फोडल्या का? दोन नंबरच्या बाटलीला खोटं म्हणायला तुमच्याकडे आता तीन नंबरची उरली नाही.”

 भुपेंद्र वळला आणि उतरू लागला, आणि पेनठान्याची हद्द संपायच्या आतच त्याने बूट घातले.

त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सुकराम कुंडीच्या काठावर बसला होता. त्याने आपले दोन्ही हात पुढे धरले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला.

“म्हणजे संध्याले मीच,” तो म्हणाला. “रोज. दोन दोन खेप.”

“मामाजी,” दुर्पता म्हणाली.  ती नुसती त्याच्या शेजारी बसली आणि तिने ती घागर मांडीवर घेतली, पोराला घेतात तशी.

सात

इथे गोष्ट संपली असती तर नूतनला बरं वाटलं असतं. कोडं सुटलं होतं, म्हाताऱ्यावरचा आळ गेला होता, संध्याला आजच गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं आणि प्रफुल गाडी वळवायला धावत खाली गेला होता. टोलीच्या सगळ्या लेकरांचं रक्त तपासायला हवं, हे तिने वहीत लिहूनही घेतलं.

तेवढ्यात सुकरामने मान वर केली.

“पन मॅडम, तुमी बी तं प्याल्या होत्या.”

नूतनचा हात वहीवर थांबला.

“त्या साली. खाली मोहाच्या झाडाखाली. मीच दोना देल्ला होता तुमाले, देवाचा. मी परत आलो तं दोना रिकामा होता. तवापासून सगळ्याइले मी सांगतो, लॅबची मॅडम प्याली, तिले पान्यातलं सारं समजते, तिनं कागदावर बी लिवलं, धोका नाही.” त्याने सुनेकडे हात केला. “हे नोको म्हणत होती. गये साली म्हणे, मामाजी, पानी कसंतरी लागते, पोट्टीले नोका देऊ. मी तिले तुमचंच नाव सांगितलं. मंग ती चूप झाली.”

दुर्पता आता नूतनकडे बघत होती.

नूतनला वाटलं, हो म्हणावं. एक शब्द होता. म्हातारा तेवढाच सावरला असता, आणि त्या दिवशी खरं काय झालं हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. मोहाच्या झाडाला माहीत होतं, पण झाडाची कोण साक्ष घेतो?

“मी प्यायले नाही, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही वळलात तेव्हा मी झाडामागे गेले आणि ओतून दिलं. उघड्यावरचं पाणी, कसं प्यायचं म्हणून. माझ्या पिशवीत नमुन्याची रिकामी बाटली होती. त्यात ओतलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं. मी मातीत ओतलं.”

कुंडीत फटीतून एक थेंब पडला, मग दुसरा.

“अन् लिवलं, कोनी पीत नाही,” दुर्पता म्हणाली.

“हो.”

“लेकरं पीत होते तुमच्यासमोर. हे संध्या पीत होती.”

“हो. मी पाहिलं होतं.”

दुर्पता ओरडली नाही. ओरडली असती तर नूतनला सोपं गेलं असतं. सुकराम हळूच उठला. त्याने बाजूची एक मोठी फरशी ओढली, दुर्पताने दुसरीकडून हात लावला, आणि दोघांनी मिळून कुंडी झाकली. नूतन मदतीला पुढे झाली, तेव्हा म्हाताऱ्याने नकार दिला नाही, पण तिच्यासाठी जागाही केली नाही. मग त्याने फरशीला हात लावून गोंडीत काहीतरी पुटपुटलं. तो कोणाची माफी मागत होता, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

खाली गाडीत संध्याला मागच्या सीटवर निजवलं होतं. दिवस अजून बुडायचा होता. नूतनने बोनेटवर अहवालाचा कोरा फॉर्म पसरला. ‘पाण्याचा पारंपरिक वापर’ या रकान्यात तीन वर्षांपूर्वी एकच शब्द होता. आज तिने रकाना सोडून मागचं पान घेतलं आणि बोडीपासून कुंडीपर्यंत सगळं लिहून काढलं. घागरी, दोने, मासे, घोंगे, तापातली ओंजळ. देवाची रीत कागदावर जाऊ द्यायची का, हे आधी तिने सुकरामला विचारलं. तो म्हणाला, “लिवा. लपवून काय भेटलं?” मग तिने शेवटचा परिच्छेद लिहिला. ‘मागील पाहणीच्या वेळी अधोस्वाक्षरीकर्तीस हे पाणी पिण्यास देण्यात आले होते. ते तिने ओतून दिले व वापर नसल्याचे नमूद केले. तो अहवाल खोटा आहे.’

दुर्पता सातवीपर्यंत शिकलेली होती. तिने कागद हातात घेतला, ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला, आणि शेवटाशी येऊन बोट थांबवलं.

“झाडामागं लपून ओतलं,” ती म्हणाली. “ते नाही लिवलं तुमी.”

नूतनने कागद परत घेतला आणि ‘ओतून दिले’च्या आधी, वरच्या जागेत, बारीक अक्षरात ते लिहिलं. मग तिने खाली सही केली, आणि दुर्पता लेकीचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली.